पाँपेईतली जखीण

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचा विषय निघाला की दोन-चार वाक्यांत पाँपेईची लक्ष्मी येतेच. व्याख्यानात येते, लेखात येते, शाळेच्या सहलीत गुरुजींच्या तोंडी येते. आपली लक्ष्मी दोन हजार वर्षांपूर्वी थेट रोमन साम्राज्यात पोचली, हे सांगताना सांगणाऱ्याची मान ताठ होते. होऊ द्यावी. एक तुळजाभवानी सोडली तर धाराशिव जिल्ह्याचं नाव छापून येतं ते बहुधा दुष्काळाच्या बातमीत. तेव्हा अभिमानाला हरकत नाही. हरकत आहे ती लक्ष्मी या नावाला. बहुतेक अभ्यासक आज तिला यक्षी म्हणतात. यक्षी म्हणजे आपल्या बोलीतली जखीण, आणि तसं म्हणायला मात्र कुणी धजत नाही.

आधी मूर्तीबद्दल. १९३८ साली अमेदेओ मैउरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाला पाँपेईच्या उत्खननात एका घरात ही हस्तिदंती बाई सापडली. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर. अंगावर वस्त्र नाही म्हटलं तरी चालेल, पण दागिन्यांची रेलचेल. पायांत घोट्यापासून वरपर्यंत वाळ्यांची चळत, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. डोक्यातून खाली भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असावी असं काहींना वाटतं, काहींना एखाद्या छोट्या तिवईचा पाय वाटतो. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ. स. ७९ मधला, म्हणजे ही त्याआधीची, आपल्याकडच्या सातवाहन काळातली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात अशाच घडणीची, वरचा भाग तुटलेली हस्तिदंती मूर्ती निघाली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातही हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. पांढरीत, शेतात, तेरणेच्या काठी सापडलेल्या वस्तू लामतुऱ्यांनी वेचून ठेवल्या नसत्या तर ती कुठे गेली असती, याचा विचारही नको. भोकरदन आणि तेर या दोन मूर्तींमुळे पाँपेईच्या बाईचं माहेर दख्खनेत असावं, हा तर्क उभा राहिला.

मैउरीनं तिला लक्ष्मी म्हटलं. त्याला दोष देऊ नये. भारतातून आलेली सुंदर, दागिन्यांनी मढलेली स्त्री म्हटल्यावर १९३८ च्या इटालियन विद्वानाला दुसरं कोणतं नाव आठवणार? पण लक्ष्मीच्या खुणा शोधायला जावं तर वर पाणी घालणारे हत्ती नाहीत आणि हातात कमळ नाही. जे आहे ते भारहुतच्या आणि सांचीच्या स्तूपांवर झाडाच्या फांदीशी लगटून उभ्या असलेल्या यक्षींशी जुळतं. भारहुतच्या शिल्पकारांनी तर शंकेला जागाच ठेवली नाही. मूर्तीशेजारी नावंच कोरून ठेवली, चदा यखी, यखिनी सुदसना. ही झाडांची, पाण्याची, गावाच्या शिवेबाहेरच्या रानाची दैवतं. पीक देणारी, पोर देणारी, रागावली तर पोर नेणारीही.

पाँपेईत तिला शेजारही तसाच मिळाला होता. गावाच्या दुसऱ्या बाजूला सुमारे तीन हजार चौरस मीटरचा एक वाडा आहे. १८३० साली तो खणताना अंगणातल्या पाण्याच्या हौदापाशी काशाचा एक नाचरा पुतळा मिळाला. पाऊण मीटरभर उंचीचा, दाढीवाला, कपाळावर इवलीशी शिंगं, मागे शेपूट, हात वर फेकलेले. खणणाऱ्यांनी त्याला फॉन म्हटलं आणि वाड्याचं नाव पडलं फॉनचं घर. (मराठीत हा शब्द लिहायची पंचाईत आहे. फॉन लिहिलं की वाचणारा फोन वाचतो.) जाणकार आता सांगतात की तो खरा रोमन फॉन नव्हे, ग्रीक वळणाचा सॅटर आहे. म्हणजे एकाच गावात मिळालेल्या दोन रानच्या जिवांना खणणाऱ्यांनी दोन चुकीची नावं दिली, आणि दोन्ही नावं चिकटली. आज दोघंही नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

फॉन हा शब्द लॅटिन फाउनुसवरून आला. हा इटलीच्या मातीतला देव. याला ऑलिम्पससारखा पर्वत नाही, थाटमाट नाही. रान, कुरण, मेंढवाडा एवढाच मुलूख. त्याच्या नावाची फोड करताना रोमन लोकांतच एकमत नव्हतं. वारो हा इ. स. पूर्व पहिल्या शतकातला पंडित म्हणे, हे नाव बोलणे या अर्थाच्या धातूवरून आलं, कारण रानात झाडांच्या सळसळीतून हा देव भविष्य बोलतो. सर्व्हियस या नंतरच्या टीकाकारानं अनुकूल होणे या अर्थाचा धातू पुढे केला. इंग्रजीतला फेव्हर त्याच धातूचा. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींना त्यात लांडगा दिसतो. मेंढपाळांचा देव लांडग्यापासून राखणारा असावा की स्वतःच लांडगा असावा, हा प्रश्न धनगरवाड्यावर विचारला तर कदाचित दोन्ही म्हणतील.

मला वारोची फोड आवडते, ती बरोबर असो नसो. बोलण्याच्या त्याच धातूवरून लॅटिन फातुम म्हणजे उच्चारलेलं, म्हणजे विधिलिखित. त्यावरून फाता, नशीब सांगणाऱ्या देवी. त्यातून फ्रेंच फे आणि इंग्रजी फेअरी. वारोचं खरं मानलं तर रोमन रानातला देव आणि इंग्रजी गोष्टीतली परी एका आजीची नातवंडं ठरतात. आपली परी मात्र या घरची नाही. फेअरी आणि परी कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण परी फारसीतून आली, आणि नळदुर्ग-परंड्याच्या मुलखात फारसीला काही तिकीट काढावं लागत नव्हतं. नुसत्या आवाजाच्या साम्यावरून सोयरीक जमवणाऱ्यांनी या दोघींची आठवण ठेवावी.

फाउनुसचा सण ५ डिसेंबरला असे. रोमन कवी होरेसनं त्यावर एक कविता लिहिली आहे. तिच्यातलं चित्र असं की जनावरं गवतात मोकळी, बैलाला कामातून सुटी, सगळं गाव कुरणात आलेलं आणि वर्षभर जमीन खोदून वैतागलेला माणूस त्याच जमिनीवर पाय आपटत नाचतो आहे. हे वाचताना धाराशिव-लातूरकडच्या माणसाला येळवस आठवणार. मार्गशीर्ष अमावस्येला इथली गावं ओस पडतात, माणसं शेतात जातात, कडब्याची कोप उभी राहते, आंबील-भज्जीचा नैवेद्य निघतो. कोपीत पूजा होते ती चुन्यानं रंगवलेल्या दगडांची. त्या दगडांना म्हणतात पाच पांडव आणि लक्ष्मी.

हो, इथेही लक्ष्मीच. आणि इथे माझ्या तक्रारीला पहिला अडथळा येतो. मराठवाड्यात शिवेवर, बांधावर, विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेली लक्ष्मीआई असते. ती काही क्षीरसागरात विष्णूचे पाय चेपत बसलेली नाही. तिला शेताची राखण करायची असते. तिचं मूळचं नाव काय होतं कुणास ठाऊक, वरचं नाव मिळालं म्हणून ती टिकली. पाँपेईच्या बाईला कुणी या अर्थानं लक्ष्मी म्हणत असेल तर माझं भांडण तिथेच मिटलं. पण माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या मनात बांधावरची लक्ष्मीआई नसते. त्यांच्या मनात दिवाळीच्या कॅलेंडरावरची असते.

मोठ्या नावानं लहान नावाला गिळायचं, हा प्रकार फाउनुसच्या बाबतीत आधीच होऊन गेला होता. ग्रीकांचा पॅन बकऱ्याच्या पायांचा, पावा वाजवणारा, रानात अचानक दचकवणारा. पॅनिक हा शब्द त्याचाच. रोमन लोकांना ग्रीकांचं सगळं भारी वाटे. त्यांनी आपल्या फाउनुसला पॅनचे पाय लावले, शिंगं लावली, आणि एकाचे अनेक फॉन करून ग्रीक सॅटरांच्या पंगतीला बसवले. पुढच्या लोकांना मूळचा इटालियन देव दिसेनासा झाला. हा घोळ अजून संपलेला नाही. गिएर्मो देल तोरोच्या २००६ च्या स्पॅनिश चित्रपटाच्या मूळ नावात फॉन आहे. तोच चित्रपट इंग्रजीत गेला आणि नावात पॅन आला. दोन हजार वर्षांनीही मोठा भाऊ धाकट्याच्या पाटीवर आपलं नाव लिहून मोकळा.

यक्षांचं काय झालं ते आपल्याला आपल्याच भाषेत सापडतं. संस्कृत यक्ष, महाराष्ट्री प्राकृतात जक्ख. आरंभीच्या यचा ज होतो, जसा यात्रेचा जत्रेत झाला. क्षचा ख होतो, जसा लक्षचा लाखात झाला. जक्खवरून जाख, जाखाई, जाखमाता, यक्षिणीवरून जखीण. रत्नागिरीकडे जाखादेवी नावाचं गाव आहे. कराडजवळ जखिणवाडी आहे आणि तिच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत बुटका, गालातल्या गालात हसणारा यक्ष मिळाला. त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास सोनारानं केला. हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि पितळखोऱ्यालाच पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याच्या दानाचा लेखही आहे. म्हणजे पैठण, तेर, भोकरदन या पट्ट्यातला सोनार-अत्तरवाला वर्ग लेण्यांना पैसा देत होता, आणि त्या लेण्यांत यक्ष मजेत नांदत होता. वनपर्वात तळ्याकाठी चौघा भावांना आडवं पाडून पाचव्याची परीक्षा घेणारा यक्ष आणि मेघदूतात रामगिरीवर बायकोच्या आठवणीनं झुरणारा यक्ष याच घराण्यातले. खानदान थोडंथोडकं नव्हे.

आणि आज जखीण म्हणजे काय? केस मोकळे सोडलेली, झाडावर राहणारी, झपाटणारी बाई. भांडणात तोंडून बाहेर पडणारा शब्द. जाख देव्हाऱ्यात गेला तो देवीच्या पदराआड लपून, जाखाई होऊन. जखीण बाहेर राहिली ती भूत म्हणून. अप्सरांचंही तेच. साती आसरा म्हणून त्या विहिरीवर सात दगडांत बसल्या आहेत आणि बाळंतिणीला त्यांची भीती घातली जाते. लॅटिन रानाची गत वेगळी नाही. सिल्वा म्हणजे रान, सिल्वाटिकस म्हणजे रानातला. फ्रेंचातून फिरून तोच शब्द इंग्रजीत सॅव्हेज झाला. आपण रानटी म्हणतो, जंगली म्हणतो. गावात राहणाऱ्यानं रानात राहणाऱ्याबद्दल बनवलेली शिवी सगळ्या भाषांत एकाच साच्यातून निघते.

फॉन रात्री छातीवर बसतो, अशी रोमन लोकांची समजूत होती. थोरल्या प्लिनीनं आपल्या निसर्गग्रंथात नोंद केली आहे की झोपेत फॉन जी थट्टा मांडतात तिच्यावर पिओनी नावाची वनस्पती उतारा आहे. हाच प्लिनी दुसरीकडे कुरकुरतो की भारत आमच्या साम्राज्यातून दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आणि हाच प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, पाँपेईपासून जवळच स्ताबियाला मेला. ज्याला फॉनचा उपद्रव ठाऊक होता आणि भारतीय मालाचा खर्च डोळ्यांत खुपत होता, तो माणूस एका यक्षीपासून काही कोसांवर संपला. दोघांची गाठ पडली असती तर त्यानं तिची किंमत आधी विचारली असती.

फाउनुसच्या घरातल्या एका बाईचं मात्र भलतंच भलं झालं. तिचं नाव फॉना. कुणी तिला त्याची बहीण म्हणे, कुणी बायको, कुणी मुलगी. काही रोमन लेखक तिलाच बोना देआ, म्हणजे भली देवी, मानत. तिच्या पूजेला पुरुषांना मज्जाव असे. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं लॅपलँडच्या वनस्पतींच्या पुस्तकाला १७३७ मध्ये फ्लोरा या फुलांच्या रोमन देवीचं नाव दिलं होतं. १७४६ मध्ये स्वीडनच्या प्राण्यांचं पुस्तक काढताना त्यानं फॉनाला बोलावलं. ग्रंथाचं नाव फॉना स्वेसिका. तेव्हापासून जगातलं प्रत्येक वनखातं तिचं नाव घेतं. सॅटरचीही वर्णी लागली होती. ओरांगउटानला लिनियसनं १७५८ मध्ये सिमिया सॅटिरस म्हटलं. पुढे ते नाव गळालं. फॉना टिकली.

जंगलाच्या बाबतीत धाराशिव जिल्हा आधीच गरीब. त्यातलं येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात वाघ उमटला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून तो चालत आला होता. वाघाची पिढ्यान्‌पिढ्या सवय नसलेल्या मुलखात एकच धांदल उडाली; पकडायला पथकं आली. त्या वाघाची नोंद ज्या कागदावर झाली असेल तिथे फॉना हा रकाना असणार. लॅटिन देवीच्या नावाखाली आपला वाघ. त्यात वाईट काही नाही, शास्त्राला सगळ्या जगात चालेल असं एक नाव लागतंच. पण रानच्या एका बाईला विज्ञानात खुर्ची मिळाली आणि तिच्याच पाँपेईतल्या शेजारणीला स्वतःच्या मुलखात आपलं नाव सांगायची चोरी, हे बघवत नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं टोचायला हवं. ही मूर्ती तेरची, असं ठणकावून सांगितलं जातं. पण तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराकडची लिपी. दख्खनेत तेव्हा ब्राह्मी चालत होती. अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळालेला आहे. म्हणून काही अभ्यासक मूर्तीचं मूळ तिकडे नेतात, काही भोकरदन-तेरकडे आणतात. आणि ती घडली एकीकडे, अक्षर कोरलं दुसरीकडे, अशीही शक्यता उरते. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या शिलालेखांत आहेत. तेव्हा दख्खनची माणसं आणि दख्खनचा माल उत्तरेत ये-जा करत होते, एवढं पक्कं. तेरचा हक्क तेवढ्यावर पुरेसा आहे. खणखणीत पुरावा नसताना सातबारा काढून दाखवायची गरज नाही.

तेरला असल्या उसन्या मोठेपणाची गरज तरी कुठे आहे? १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं जुन्या ग्रंथांतलं तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं, त्याआधी विद्वान तगर कुठेकुठे शोधत हिंडले होते. आपण तगरपुरचे मालक, असं बिरुद कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार शतकानुशतकं मिरवत राहिले. गावात विटांचा बौद्ध चैत्य अजून उभा आहे, त्रिविक्रमाचं मंदिर होऊन. तिथेही आत नवा देव आणि बाहेर जुनं अंग. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीचे ठसे इथे केले गेले, बायकांनी गळ्यात घातले. साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या इथे सापडतात. मातीत हात घालायची ती परंपरा गोरोबाकाकांपर्यंत येते, हे तर वारीला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पेरिप्लस हे पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासपुस्तक कुणा अनाम व्यापाऱ्यानं लिहिलेलं. बेरीगाझा म्हणजे भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर, असं तो सांगतो. तगरहून रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून येणारा माल म्हणजे जाडंभरडं कापड, मलमल आणि समुद्रकाठाकडून तिथे जमा होणारे इतर जिन्नस. नंतर भडोचहून बोटीवर चढणाऱ्या मालाची यादी तो देतो. तिच्यात जटामांसी आहे, गुग्गुळ आहे, पिंपळी आहे, रेशीम आहे, सुती कापड आहे. जटामांसी आणि गुग्गुळाच्याच ओळीत, कुठल्याही देवीचं नाव न घेता, एक शब्द आहे: हस्तिदंत.